रिक्षा गेटाच्या अलीकडंच थांबव

गेल्या महिन्यात दाराच्या फटीतून एक जाडसर पाकीट आत पडलं. त्यात करंगळीएवढी प्लास्टिकची बाटली, झाकणाला काडी आणि सूचनांचा कागद. संडासला गेलं की काडीने नमुना घ्यायचा, बाटली बंद करायची, तारीख लिहायची आणि सोबतच्या पाकिटातून पोस्टात टाकायची. तिकीटसुद्धा लावायचं नाही. विष्ठेत डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का, ते बघतात. आतड्याच्या कॅन्सरची ही पहिली चाळणी. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी हे पाकीट येतं. पहिल्यांदा आलं तेव्हा बायकोने ते चिमटीत धरून "हे देवघरापासून लांब ठेवा" असं फर्मान काढलं होतं. आता तिलाही येतं.

कामावर डबा खाताना पलीकडच्या टेबलावरून एकाने मला हाक मारून विचारलं, "तुझं पाकीट आलं का? मी आज सकाळीच टाकलं." शेजारचा निवांत सँडविच खात राहिला.

त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर वर्गणीची लिंक आली. दहावीच्या वर्गातल्या एकाला तोंडाचा कॅन्सर, जबड्याचं ऑपरेशन झालेलं. पैसे पटापट जमले, त्यात आमची मंडळी कधी मागे नसतात. मग वाद सुरू झाला. एकाचं म्हणणं, सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात कॅन्सरचं हॉस्पिटल काढावं. दुसरा म्हणाला, २०१२ पासून महाराष्ट्रात गुटखाबंदी आहे आणि आजही कोणत्याही टपरीवर पुडी मिळते, आधी ती थांबवा. तिसऱ्याने हळद-लिंबाचा व्हिडिओ टाकला, त्यावर डॉक्टर झालेल्या वर्गमित्राने त्याला झापलं. आणि सगळ्यांचं एकमत कशावर, तर 'जनजागृती'वर. लोक अडाणी आहेत, लवकर दाखवत नाहीत.

गुटख्याचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. पण जनजागृती म्हटलं की मला माझी मामी आठवते.

मी बार्शीचा. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या तालुक्याच्या गावात नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर हॉस्पिटल आहे. मराठवाड्यातून एसटी बदलत, पिशवीत एक्स-रे घेऊन माणसं तिथं येतात. मामीच्या घरापासून ते रिक्षाने दहा मिनिटांवर. तिच्या स्तनात गाठ लागली तेव्हा तिने सात महिने कुणाला सांगितलं नाही, आणि सांगितल्यावर ती गेली कुठं? मुंबईला. बार्शी टाऊनवरून रात्रीची लातूर एक्सप्रेस पकडून, परळच्या टाटाला. शेजारी विचारतील म्हणून भावाकडे चाललेय असं सांगून.

मामी अडाणी नव्हती. रेडिओवर, आरोग्य शिबिरात, सगळीकडे तिने ऐकलेलं होतं. फोनवर मी चिडलो तर शांतपणे म्हणाली, "आरं, त्या गेटाशी रिक्षातनं उतरताना कुणी बघितलं तर पोरीचं जमलेलं मोडंल. मग तू येणार हायस का जुळवायला?" मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या खेपांना रेल्वेची सवलतही तिने घेतली नाही. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला तिकिटात सवलत मिळते, पण त्या फॉर्मवर आजाराचं नाव असतं आणि खिडकीवरचा माणूस आमच्याच गल्लीतला. पूर्ण तिकीट काढून गेली प्रत्येक वेळी.

हा हिशोब आहे. सांगण्याची एक किंमत असते आणि मामीला ती परवडत नव्हती. आम्ही पोस्टर लावतो 'लवकर निदान, लवकर उपचार' असं, पण ती किंमत कमी करायला कुणी काही करत नाही.

नेत्यांची गोष्ट निराळी. शरद पवारांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २००४ साली झालं आणि तंबाखूपायी काय भोगलं ते ते उघड बोलत आले. हे मोठंच काम. पण पवारांचं कुणी जमलेलं मोडणार नव्हतं. आर. आर. आबा २०१५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरने गेले तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला, आणि आमच्या कट्ट्यावरच्या कितीतरी जणांनी तोंडातला बार थुंकून श्रद्धांजली वाहिली. नवा बार संध्याकाळी भरला.

इथं इंग्लंडमध्येही आधी बोलत नसत. नव्वदच्या दशकातला माझा घरमालक 'सी'ने सुरू होणारा तो आजार असं कुजबुजत म्हणायचा. मग बदललं कसं? एक कारण जेड गुडी, इथल्या टीव्हीवर गाजलेली बाई. हो, तीच, शिल्पा शेट्टीला वंशद्वेषी बोलली म्हणून आपल्याकडे जिच्यावर संताप उसळला ती. २००८ मध्ये ती आपल्याच 'बिग बॉस'मध्ये असताना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं निदान तिला कळलं. २००९ च्या मार्चमध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, ती गेली. त्या काही महिन्यांत तिने सगळं जाहीरपणे सांगितलं आणि इथल्या लाखो जास्तीच्या बायका तपासणीला गेल्या. काही वर्षांत तो आकडा पुन्हा घसरला, हेही खरं. प्रसिद्ध माणसाचं दुःख फार दिवस पुरत नाही.

टिकतात त्या कंटाळवाण्या गोष्टी. २०१० च्या समानता कायद्यानुसार इथं निदान झाल्या दिवसापासून नोकरदाराला संरक्षण मिळतं. कॅन्सर झाला म्हणून त्याला काढता येत नाही, उलट कामाच्या वेळा जुळवून द्याव्या लागतात. आणि ते पाकीट. त्याची खरी खुबी बाटलीत नाही. ते सगळ्यांना येतं. म्हणून माझ्या हातात ते दिसलं तर कुणी म्हणत नाही, याला काय झालंय? मामीच्या गल्लीत तपासणीला एकटी बाई जाते, म्हणून ती आपोआप संशयित ठरते.

आणि सगळ्यांना एकदम बोलावण्याचा एक फार मोठा प्रयोग आमच्याच शेजारी होऊन गेलाय, हे मला इथं येऊन कळलं! १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. त्यात टाटा होतं आणि आमचं बार्शीचं हॉस्पिटलही. कार्यकर्त्या दारोदार जाऊन गावंच्या गावं बोलावत होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: ज्या गावांत एचपीव्ही या, हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली, तिथं या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या तज्ज्ञांनी ते आकडे वापरले. ज्वारी काढायला गेलेल्या बायकांनी जगाला हे शिकवलं आणि आमच्या ग्रुपवरच्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

इंग्लंडचं गुणगान करायला बसलो नाही. तातडीने पाठवलेल्या रुग्णांपैकी ८५ टक्क्यांचे उपचार ६२ दिवसांत सुरू व्हावेत हे इथलं उद्दिष्ट गेली दहाएक वर्षं गाठलेलं नाही. मी बुधवारी दुपारी एका स्वयंसेवी संस्थेसाठी गाडी चालवतो, रुग्णांना रेडिएशनला नेतो-आणतो. गेल्या हिवाळ्यात गळ्याचा कॅन्सर झालेले एक निवृत्त बसचालक होते. आवाज बसलेला, तरी रस्ता मीच चुकतोय हे खुणेने दाखवायचे. घरी कुणी नाही. शेवटच्या दिवशी उतरताना म्हणाले, पुढच्या बुधवारी काय करायचं कळत नाही.

तेव्हा दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेची आठवण झाली. उपचारांच्या वेळी तिथं उतरलेल्या मामीला भेटायला मी सुट्टी काढून गेलो होतो. व्हरांड्यात पाच-सहा बायका तांदूळ निवडत बसलेल्या, सगळ्यांच्या डोक्याला रुमाल. एक बीडची, एक बिहारची. "किती केमो झाल्या?" "चार. तुमचा शेक सुरू झाला का?" मामी त्यांच्यात अशी हसत होती, जशी बार्शीत मी तिला वर्षभरात बघितली नव्हती. तिथं कुणापासून काही लपवायचं नव्हतं. चारशे किलोमीटर लांब, अनोळखी बायकांत तिला जे मिळालं ते तिच्या गल्लीत का मिळू नये, हाच माझा ग्रुपवरच्या मंडळींना प्रश्न आहे.

पैसे देऊच. पण बचत गटाच्या सगळ्या बायका एकाच दिवशी, एकाच टेम्पोतून तपासणीला गेल्या तर कोण कुणाकडे बोट दाखवणार? गणपती मंडळाने दहा दिवसांच्या डीजेऐवजी रुग्णांसाठी एक रिक्षा वर्षभर लावली तर? आमच्यातले निम्मे दुकानदार, कारखानदार आहेत. कामगार आजारी पडला तर त्याची जागा राखू एवढं आधीच जाहीर करायला काय जातं? आणि सोयरीक बघताना 'घरात कुणाला कॅन्सर?' विचारणाऱ्यांनी एवढं माहीत करून घ्यावं, की स्तनाच्या कॅन्सरात आनुवंशिक दोषामुळे होणारे दहात एखादेच. ग्रुपवर हे लिहिलं तर चार अंगठे आले. एकाने लिहिलं, परदेशात बसून बोलायला काय जातं. खरंय त्याचं. मला काही किंमत मोजावी लागत नाही.

मामी बरी आहे. पोरीचं लग्न झालं, नातू शाळेत जातो. वर्षाची तपासणी आता ती बार्शीतच करते, पण रिक्षावाल्याला अजून सांगते, "गेटाच्या अलीकडंच थांबव." मागच्या रविवारी फोनवर म्हणाली, कोपऱ्यावरच्या घरातल्या सुनेला गाठ लागली होती, मीच घेऊन गेले दाखवायला. साधी निघाली.

"लोकांना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"दाढ काढायला गेलो हुतो म्हणून," मामी म्हणाली. "दोघी बी."