परदेशातल्या क्लेम्स-प्रशिक्षणाच्या जागा, व्हिसा आणि आपली ठाणे-नवी मुंबईची मुले

विमा कंपनीच्या क्लेम्स विभागात, म्हणजे नुकसानभरपाईचे दावे तपासून निकाली काढणाऱ्या विभागात, परदेशात प्रशिक्षणार्थी म्हणून जागा मिळेल, व्हिसाची जबाबदारी कंपनीच घेईल आणि काम तिथे गेल्यावर शिकता येईल, अशी आशा बाळगून असलेली बरीच मुलेमुली मला भेटतात. कोणी वाशीच्या महाविद्यालयातून बँकिंग अँड इन्शुरन्समध्ये बी.कॉम. झालेले असते, कोणी ऐरोली-महापेच्या कार्यालयांत वैद्यकीय बिलिंगची रात्रपाळी करत असते, तर कोणी वागळे इस्टेटमध्ये नुकसानीची पाहणी करणाऱ्या एखाद्या सर्व्हेअरच्या हाताखाली अपघातग्रस्त गाड्यांचे फोटो काढत असते. मी स्वतः आगीच्या आणि मालवाहतुकीच्या क्लेम्समध्ये बरीच वर्षे काम करते आहे, त्यामुळे ही मुले विश्वासाने विचारतात. एकेकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा आज सगळे एकत्र लिहिते आहे. माझे मत असे, की अगदी नवख्या माणसाला क्लेम्स शिकवण्यासाठी परदेशी मालकाने व्हिसा द्यावा, हे आजच्या नियमांत जवळजवळ बसतच नाही. परदेशात जाण्याचा रस्ता आहे, परंतु तो इथे काम शिकलेल्यांसाठी आहे. आणि ते काम शिकण्यासाठी ठाणे-नवी मुंबईसारखी जागा देशात क्वचितच सापडेल.

मध्यंतरी कोपरखैरण्याच्या एका मुलीने तिला आलेले नियुक्तिपत्र मला दाखवले. पद 'ट्रेनी क्लेम्स हँडलर', ठिकाण इंग्लंड, वार्षिक वेतन २४ हजार पाउंड, सुरुवातीला राहण्याची सोय मोफत, आणि शेवटच्या परिच्छेदात 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप'च्या (व्हिसासाठी मालकाने, म्हणजे स्पॉन्सरने, द्यायच्या प्रमाणपत्राच्या) प्रक्रियेसाठी दोन लाखांहून अधिक रक्कम आठ दिवसांत भरण्याची सूचना. कंपनीचे नाव खरे होते. ईमेलचा पत्ता मात्र त्या नावात एक जास्तीची रेघ घालून बनवलेला होता. तिच्या वडिलांनी पतपेढीत कर्जाचा अर्जही भरून ठेवला होता. ईमेलच्या पत्त्याकडे कोणाचे लक्ष गेले नसते, तरी त्या पत्रातला वेतनाचा आकडा आणि पैशांची मागणी या दोनच गोष्टी ते खोटे ठरवायला पुरेशा होत्या.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसासाठी २२ जुलै २०२५ पासून सर्वसाधारण किमान वेतन वर्षाला ४१,७०० पाउंड झाले आहे. वयाने लहान किंवा नुकतेच शिक्षण संपवलेल्या उमेदवारांना सवलत मिळते, पण तीही ३३,४०० पाउंडांपर्यंतच खाली येते. त्याच तारखेपासून पदही साधारणपणे पदवीच्या पातळीचे असावे लागते. त्याखालची मोजकी कामे तात्पुरत्या यादीत ठेवली आहेत. तिथल्या क्लेम्स विभागात नव्याने लागणाऱ्या मुलाला पंचवीस हजार पाउंडांच्या आसपास पगार असतो. म्हणजे त्याच खुर्चीवर आपल्या मुलाला बसवायचे, तर मालकाला किमान आठ हजार पाउंड जास्त मोजावे लागतील, आणि स्पॉन्सर म्हणून येणारी शुल्के वेगळी. दारात स्थानिक उमेदवार उभे असताना कोणता मालक हा खर्च अंगावर घेईल? २४ हजारांचे वेतन लिहिलेल्या पत्रावर स्किल्ड वर्कर व्हिसा मिळूच शकत नाही, हे त्या मुलीच्या वडिलांना मी आकडे मांडून दाखवले. दुसरी गोष्ट पैशांची. स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटचे शुल्क कामगाराकडून वसूल करण्यास ब्रिटनने ३१ डिसेंबर २०२४ पासून मनाई केली आहे. त्यामुळे या सर्टिफिकेटच्या नावाने कोणीही पैसे मागितले, की तिथेच थांबावे. स्पॉन्सर-परवाना असलेल्या कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मात्र यादीत नाव सापडले म्हणजे पत्र खरे, असा अर्थ काढू नये. यादीतली खरी नावेच असल्या पत्रांवर वापरली जातात.

अमेरिकेबद्दल मुलांचा गैरसमज याहून मोठा आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा ८५ हजारांची आहे, निवड सोडतीने होते, आणि सप्टेंबर २०२५ मधल्या घोषणेने देशाबाहेरच्या उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले गेले. क्लेम्सच्या पहिल्या पायरीवरच्या माणसासाठी हा खर्च कोणी करणार नाही. 'पण प्रशिक्षणाचा वेगळा व्हिसा असतो ना?' असे विचारले जाते. असतो, आणि त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. एच-थ्री या व्हिसासाठी मालकाला सिद्ध करावे लागते, की हे प्रशिक्षण उमेदवाराच्या स्वतःच्या देशात उपलब्ध नाही. ज्या मुंबईत भारतीय विमा संस्थेचे मुख्यालय आहे, तिथल्या मुलासाठी ही गोष्ट कोण आणि कशी सिद्ध करणार? जे-वन व्हिसाच्या 'ट्रेनी' गटात अठरा महिन्यांपर्यंत राहता येते, पण त्यासाठी पदवी आणि त्यानंतर अमेरिकेबाहेर त्याच क्षेत्रातला किमान एक वर्षाचा अनुभव, किंवा पदवी नसल्यास पाच वर्षांचा अनुभव लागतो. ऑस्ट्रेलियाचा ४०७ क्रमांकाचा प्रशिक्षण-व्हिसा दोन वर्षांपर्यंत मिळतो. कौशल्य वाढवण्यासाठी तो घ्यायचा, तर गेल्या चोवीस महिन्यांत किमान बारा महिन्यांचा पूर्णवेळ अनुभव दाखवावा लागतो.

ज्या व्हिसांच्या नावातच प्रशिक्षण आहे, तेसुद्धा आधी मायदेशी काम केलेल्या माणसाची वाट पाहतात. हे एकदा ध्यानात आले, की जागा कुठे शोधायच्या याची दिशाच बदलते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आणि आपल्या मुलांना सर्वांत कमी ठाऊक असलेला रस्ता आंतरराष्ट्रीय समूहाच्या इथल्या कार्यालयातून जातो. ब्रिटनमध्ये 'ग्लोबल बिझनेस मोबिलिटी' या योजनेखाली 'ग्रॅज्युएट ट्रेनी' नावाचा व्हिसा आहे. ज्या समूहाची शाखा ब्रिटनमध्ये आहे, त्याच्या तिथल्या संरचित पदवीधर-प्रशिक्षण कार्यक्रमाचा भाग म्हणून हा व्हिसा मिळतो, एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षासाठी. किमान वेतन २७,३०० पाउंड, म्हणजे नेहमीच्या मर्यादेपेक्षा पुष्कळच कमी. आणि अट अशी, की अर्जापूर्वी त्याच समूहात ब्रिटनबाहेर किमान तीन महिने नोकरी केलेली असावी. अमेरिकेच्या एल-वन व्हिसाचेही तत्त्व हेच आहे: आधीच्या तीन वर्षांत त्याच समूहाच्या परदेशातल्या कार्यालयात सलग एक वर्ष काम. त्याला एच-वन-बीसारखी वार्षिक मर्यादा नाही. मात्र तो व्यवस्थापकांना किंवा विशेष ज्ञान असलेल्यांनाच मिळतो. तेव्हा ऐरोलीच्या, महापेच्या किंवा घोडबंदर रोडच्या ज्या कार्यालयांत ब्रिटिश आणि अमेरिकी क्लेम्सचे काम चालते, तिथे मुलाखतीला जाताना पगाराच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारावा: या समूहात इथून परदेशी बदलीवर किंवा प्रशिक्षणावर माणसे जातात का, आणि गेल्या काही वर्षांत या कार्यालयातून कोणी गेले आहे का? जिथे बाहेरच्या ग्राहकाचे काम फक्त कंत्राटावर केले जाते, तिथे हा रस्ता नसतो, कारण ग्राहक आणि कार्यालय एका समूहाचे नसतात. हा फरक नोकरी स्वीकारण्यापूर्वीच समजून घेतला पाहिजे.

स्पॉन्सरविना जाण्याचा एक मार्गही सांगून ठेवते. ब्रिटनच्या 'इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम'मध्ये १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी वर्षाला ३,००० जागा असतात, निवड सोडतीने होते, दोन वर्षे राहता येते आणि खात्यात २,५३० पाउंडांची बचत दाखवावी लागते. सोडतीवर आयुष्याची आखणी करू नये, पण नाव जरूर घालावे.

आता इथल्या कामाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण मुले त्याला फार कमी लेखतात. भिवंडीच्या एखाद्या गोदामाला आग लागते. आत ५० लाखांचा माल असतो, विमा ३० लाखांचा उतरवलेला असतो आणि १० लाखांचे नुकसान होते. मालकाची खात्री असते, की विमा तीस लाखांचा आहे, तेव्हा दहा लाख पूर्ण मिळतील. ॲव्हरेजच्या कलमाप्रमाणे मात्र पाच भागांपैकी तीनच भाग विमा उतरवलेला असल्याने त्याला सहा लाख मिळतात. जळक्या पुठ्ठ्यांचा वास येत असलेल्या त्या गोदामात उभे राहून, साठ्याची वही आणि जीएसटीची विवरणपत्रे ताडून, हा हिशेब संतापलेल्या माणसाला शांतपणे पटवून देणे हे क्लेम्सचे खरे शिक्षण आहे. लंडनच्या लॉस ॲडजस्टरला, म्हणजे तिथे नुकसान मोजणाऱ्या माणसालाही, हेच करावे लागते. तिथला माल वेगळा, कलम तेच.

आपल्या परिसरात जे पाहायला मिळते ते परदेशातल्या प्रशिक्षणार्थीला पुस्तकातच भेटते. न्हावा-शेवा हे देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आपल्या उरणात आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली, कंटेनर समुद्रात पडले, तेलगळती झाली आणि जहाजांची वाहतूक काही दिवस थांबली. अशा एका घटनेत मालाचा क्लेम, जहाजाचा क्लेम, प्रदूषणाची जबाबदारी आणि सॅल्व्हेज (जहाज व माल वाचवण्याचे काम) असे सगळेच विषय एकाच वेळी समोर येतात. २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीत झालेल्या स्फोटात माणसे दगावली, शेजारच्या कारखान्यांचे आणि घरांचेही नुकसान झाले. घातक रसायने हाताळणाऱ्यांना १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने विमा का सक्तीचा केला, हे अशा वेळी ज्याने कागदपत्रे हाताळली त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्या जोडीला परीक्षा द्याव्यात. भारतीय विमा संस्थेच्या लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो या परीक्षा नोकरी करता करता देता येतात. ब्रिटनकडे लक्ष असेल तर लंडनच्या चार्टर्ड इन्शुरन्स इन्स्टिट्यूटच्या, आणि उत्तर अमेरिकेकडे असेल तर 'असोसिएट इन क्लेम्स' या परीक्षा इथे राहून सुरू कराव्यात. वैद्यकीय क्लेम्स करणाऱ्यांनी वैद्यकीय कोडिंगचे, म्हणजे आजार-उपचारांना ठरलेले संकेतांक देण्याचे, सीपीसी प्रमाणपत्र घ्यावे. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२५ पासून उरलेल्या उत्तरेकडच्या अमिरातींतही खासगी कामगारांना आरोग्य विमा सक्तीचा झाला आहे, त्यामुळे पूर्वमंजुरी आणि क्लेम-तपासणीचा अनुभव असलेल्यांना तिथे वाव आहे. आपल्या टीपीएंमध्ये (विमा कंपन्यांच्या वतीने आरोग्य विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या संस्थांमध्ये) क्लेम तपासणारे बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर आहेत. त्यांनी हा पर्याय गंभीरपणे पाहावा. तिथे नोकरीसोबत मालकाने व्हिसा देणे ही नेहमीची पद्धत आहे आणि भरतीचा खर्च कामगारावर टाकायला कायद्याने बंदी आहे.

मुलांना एवढे सांगताना आपल्या कंपन्यांबद्दलही बोलले पाहिजे, कारण खोट्या पत्रांना मुले भुलतात यामागे इथली निराशा आहे. आमच्या क्षेत्रात पदवीधर मुलगी तीन-तीन वर्षे 'कागदपत्रे अपूर्ण' असे कळवणारी पत्रेच पाठवत बसते. तिला सर्व्हेअरबरोबर कधी जागेवर नेले जात नाही, रिझर्व्ह, म्हणजे क्लेमपोटी बाजूला ठेवायची अंदाजे रक्कम, कसा ठरवायचा हे कोणी शिकवत नाही, नुकसानीला जबाबदार असलेल्याकडून करायच्या वसुलीची फाइल तिच्या टेबलावर येत नाही. मग आपला अनुभव तिने परदेशी मालकाला काय दाखवायचा? प्रत्येक विमा कंपनीने आणि टीपीएने नव्या माणसाला पहिल्या दोन वर्षांत आग, मोटार, मालवाहतूक आणि आरोग्य अशा निदान तीन विभागांत फिरवावे, महिन्यातून काही दिवस प्रत्यक्ष पाहणीला पाठवावे आणि परीक्षांचे शुल्क भरावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. शिकलेली मुले निघून जातील, ही भीती मला वरिष्ठांच्या बैठकांत ऐकायला मिळते. न शिकवलेली मुलेही जातातच, आणि ती असताना ग्राहकाचे क्लेम चुकीचे नाकारले जातात, त्याची किंमत कोण मोजतो?

शेवटी एजंटांबद्दल. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली असावी लागते, ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते, आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, तेही पावती देऊन. नोंदणी क्रमांक सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढचे बोलणेच करू नये. पत्र आले असेल तर कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरचा दूरध्वनी स्वतः शोधून तिथे चौकशी करावी, पत्रातल्या क्रमांकावर नव्हे. वेतनाचा आकडा त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच्या किमान मर्यादेशी ताडून पाहावा. कोणाला शंका असेल, तर पत्रावरचा पासपोर्ट क्रमांक झाकून ते मला इनबॉक्समध्ये पाठवावे; मी वाचून प्रामाणिकपणे सांगेन. फक्त पैसे भरण्याआधी पाठवा.