१४ फेब्रुवारीला फाशी झाली, तर २० मार्चचा अर्ज लिहिला कोणी?

भाचा सातवीत आहे. परिपाठात दिनविशेष वाचायची पाळी त्याची. वहीत काय उतरवलंय म्हणून सहज पाहिलं आणि डोकंच फिरलं: ‘१४ फेब्रुवारी १९३१ : भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना लाहोरमध्ये पहाटे फाशी.’ कुठून आणलंस? ‘बाबांच्या व्हॉट्सॲपवर आलंय, मामा.’ आम्ही खेड तालुक्यातले. ज्या खेडचं नाव राजगुरूनगर झालं, त्या तालुक्यातल्या पोराच्या वहीत ही तारीख!

मेसेज दरवर्षी फिरतो, तुम्हालाही आला असेल. १४ फेब्रुवारीला पहाटे तिघांना फाशी झाली, ही तारीख पुस्तकवाल्यांनी आणि माध्यमांनी मुद्दाम दडवली, तुम्ही मात्र गुलाब वाटत बसता, लाज असेल तर ११ जणांना पाठवा. एवढाच मजकूर, वर तिघांचे फोटो.

आधी फाशी. ती झाली २३ मार्च १९३१ ला, आणि पहाटे तर नाहीच. ठरली होती २४ मार्चच्या सकाळी. लोक जमतील या धास्तीने सरकारने ती आदल्या संध्याकाळीच, साडेसातच्या सुमारास उरकली. तुरुंगात फाशी सकाळी द्यायचा रिवाज, तो मोडून. मग मृतदेह गुपचूप बाहेर काढले आणि रातोरात सतलजकाठी जाळले. हुसैनीवालाचं स्मारक आहे ते त्याच भागात. म्हणजे ज्या ‘पहाटे’वर मेसेजचा सगळा गहिवर उभा आहे, ती पहाट इंग्रजांनी येऊच दिली नाही. खरी हकीकत यापेक्षा कितीतरी संतापजनक आहे, पण ती वाचायला कोणाला वेळ आहे!

हे सांगितलं की दाजींसारखी माणसं लगेच दुसऱ्या फांदीवर उडी मारतात: ‘बरं, फाशी नसेल, पण शिक्षा तरी त्या दिवशी सुनावली ना?’ नाही हो. याला माझ्या शब्दाची गरज नाही, त्या तिघांचाच शब्द आहे. २० मार्च १९३१ ला त्यांनी पंजाबच्या गव्हर्नरला तुरुंगातून अर्ज लिहिला. त्यात सुरुवातीलाच नोंद आहे की आम्हाला ७ ऑक्टोबर १९३० रोजी मृत्युदंड सुनावला गेला आणि मुख्य आरोप होता बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. पुढची मागणी वाचा: तुमच्याच न्यायालयाच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही युद्धकैदी ठरतो, तेव्हा फासावर न देता लष्कराची तुकडी पाठवून आम्हाला गोळ्या घाला. बावीस-तेवीस वर्षांची पोरं, मरण तीन दिवसांवर, आणि सरकारला सरकारच्याच निकालपत्रात पकडतायत. दयेचा एक शब्द नाही. १४ फेब्रुवारीला जे गेले त्यांनी हा अर्ज काय स्वर्गातून धाडला?

गांधी-आयर्विन बोलणी सुरू झाली १७ फेब्रुवारीला. फाशी थांबवा म्हणून गांधींनी व्हाइसरॉयला शेवटचं पत्र लिहिलं ते २३ मार्चच्या सकाळी. त्यांनी पुरेसं केलं की नाही, यावर खुशाल भांडा. पण महिन्याभरापूर्वी फासावर गेलेल्यांसाठी कोणी रदबदली करत नाही, एवढं तरी मान्य करा.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. १४ फेब्रुवारी १९३१ चा या खटल्याशी संबंध आहे. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, अपील फेटाळल्यावर मदनमोहन मालवीयांनी फाशी रद्द करण्यासाठी व्हाइसरॉयकडे अर्ज केला, तो त्या दिवशी. म्हणजे त्यांना वाचवायच्या खटपटीची तारीख उचलून मेसेजवाल्यांनी तीच मरणाची करून टाकली.

तारीख दडवली म्हणे! २३ मार्चचा शहीद दिन कॅलेंडरात छापलेला असतो, राजगुरूनगरला दरवर्षी अभिवादन होतं. दडवायची ही कुठली पद्धत? आणि गुलाब वाटायचे की नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. तुम्हाला व्हॅलेंटाइन आवडत नाही, तर तसं सरळ म्हणा. त्यासाठी राजगुरूंना सदतीस दिवस आधी कशाला मारता? त्याच तारखेला १९३३ मध्ये मधुबाला जन्मली. मग काय तिचा वाढदिवसही देशद्रोह?

त्या तारखेला दुःखच सांगायचं असेल तर २०१९ चं पुलवामा आहे. सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यात आपल्या बुलढाण्याचे दोघे. ते खरं आहे, त्याला खोट्याचा टेकू लागत नाही.

भाच्याच्या वहीतली ओळ खोडून मालवीयांचा अर्ज आणि पुलवामा, असं दोन ओळींत लिहून दिलंय. दाजींनी मात्र आज्ञेप्रमाणे तो मेसेज ११ जणांना पाठवलाय. आता त्याच ११ जणांना २० मार्चचा अर्जही त्यांनीच पाठवावा. नंबर त्यांच्याकडे आहेतच.