लोखंडी जिभेचं वजन

जिभेला हाड नसतं, असं म्हणतात. आमच्या ट्रेलरची जीभ म्हणजे नुसतं हाडच आहे. घराला चाकं लावून गाडीमागे ओढत न्यायची असं आम्ही ठरवलं आणि ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, तेव्हा त्याच्या तोंडाशी असलेल्या तिकोनी लोखंडी सांगाड्याला ‘टंग’ म्हणतात, एवढंही मला ठाऊक नव्हतं. गाडी जोडायची ती या टंगच्या टोकाला. या जिभेचा गाडीवर जो भार पडतो, ते टंग वेट. ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावं लागतं. कमी पडलं तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, जास्त झालं तर गाडी गुडघे टेकते. म्हणजे जीभ फार हलकी नको आणि फार जडही नको. हे मला लग्नानंतर कोणीतरी सांगायला हवं होतं, ट्रेलर घेतल्यावर नव्हे.

पहिल्यांदा आम्ही साध्या हिचनेच, म्हणजे गाडीमागच्या साध्या जोडणीनेच, ट्रेलर जोडला. गाडीमागचा बॉल खाली, जिभेच्या टोकाची वाटी, म्हणजे कपलर, वर, खटकन बसला, मी टाळी वाजवली. मग चार पावलं मागे जाऊन पाहिलं तर गाडी आणि ट्रेलर दोघेही जोडाच्या जागी वाकून बसलेले. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की जू वर उचललं जातं, तिला उलाळ गाडी म्हणतात. माझी चारचाकी तशीच उलाळ झाली होती. गाडी चालवल्यावर कळलं की हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. मागची चाकं दबली की पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, आणि वळवायचं काम असतं पुढच्या चाकांचं. स्टिअरिंग इतकं हलकं झालं, की मी ते फिरवतोय ही निव्वळ माझी समजूत असावी. संध्याकाळी दिवे लावले तर रस्ता अंधारात आणि झाडांचे शेंडे लख्ख. समोरून येणारा प्रत्येक जण आम्हाला दिवे मारून शिव्या घालत होता. बायको म्हणाली, “अरे, घुबडांना कशाला उठवतोयस?”

यावर उपाय म्हणजे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. नाव असं, की वाटतं वजन कमी करून देणारं काही असेल. तसं काही नाही. वजन आहे तेवढंच राहतं, फक्त ते कोणी उचलायचं हे बदलतं. (गाडीची ओढण्याची मर्यादाही त्याने वाढत नाही, ही गोष्ट हिच विकत घेतल्यावर लक्षात येते.) एकचाकी ढकलगाडीचे दांडे वर उचलले की भार पुढच्या चाकावर जातो, तसंच इथेही. हिचच्या डोक्यातून दोन लांब स्प्रिंग बार निघतात आणि जिभेच्या दोन्ही बाजूंनी मागे जातात. त्यांची टोकं साखळीने वर ओढून ट्रेलरला टांगायची. बार वर वाकले की गाडीची पिछाडी जणू दांडे धरून उचलली जाते, मागच्या चाकांवरचा थोडा भार पुढच्या चाकांवर जातो आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर. एका ओळीत सांगता येतं. ही ओळ प्रत्यक्षात आणायला मला तीन शनिवार लागले.

पहिला शनिवार जीभ तोलण्यात गेला. दोनशे-अडीचशे किलोची वस्तू घरी कशी तोलायची? न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर. एका भक्कम फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, आणि जीभ मधे अशी टेकवायची की विटेपासून एक हिस्सा आणि काट्यापासून दोन हिस्से अंतर राहील. मग काट्यावर तिसरा हिस्साच पडतो. नुसत्या फळीचं वजन आधी वजा करायचं आणि आलेला आकडा तिपटीने वाढवायचा. मी जॅक हळूहळू खाली घेतला. काटा कुरकुरला आणि 78 वर थांबला. बायकोने वाकून पाहिलं आणि म्हणाली, “तुझ्यापेक्षा कमीच आहे की!” मी शांतपणे तिनाने गुणलं. 234 किलो. ट्रेलर सामानासकट 2200 किलो. साडेदहा टक्क्यांच्या वर. काठावर पास. पण पासच.

तिसरा शनिवार वॉशरांचा; मधल्या दुसऱ्याची गोष्ट पुढे येईल. बॉल ज्या डोक्यावर बसतो, ते डोकं किती तिरकं ठेवायचं हे आत किती वॉशर घालता यावर ठरतं. वॉशर जास्त, तर डोकं जास्त कलतं आणि बार जास्त ताण घेतात. किती घालायचे? पुस्तिका म्हणते, घाला आणि मोजून बघा. मोजायचं म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापाशी जमिनीपासून चाकावरच्या कमानीपर्यंतची उंची. नुसती गाडी: 92 सेंटिमीटर. ट्रेलर जोडून, बार न लावता: साडेपंच्याण्णव. बार लावल्यावर हा आकडा परत 92 च्या जवळ यायला हवा. चार वॉशर घातले, 95. सहा घातले, 94. दर वेळी ट्रेलर सोडा, डोकं खोला, पिन काढा, वॉशर सरकवा, पिन घाला, नट आवळा, ट्रेलर जोडा, आणि टेप घेऊन चाकापाशी उकिडवे बसा. आठव्याला साडेब्याण्णव आले आणि मी आनंदाने उठून उभा राहिलो. हातात एक वॉशर उरला होता. तो जास्तीचा होता की कुठून तरी निसटलेला, हे मला आजही माहीत नाही. तो मी गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे. अधूनमधून तो खडखडतो.

बॉलची गोष्ट तर राहिलीच. माझ्या कपलरला दोन पूर्णांक पाच सोळांश इंचाचा बॉल लागतो. ‘सोळांश’ हा शब्द शाळेतून सुटल्यावर पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं. आधी मी दोन इंची बॉल आणला होता. वर कपलर मस्त बसला, इतका सैल की त्याला बसलं म्हणणं हा बसण्याचा अपमान. खड्डा आला असता तर गाडी एकीकडे आणि घर दुसरीकडे गेलं असतं. फरक जेमतेम आठ मिलिमीटरचा.

आता तो मधला, दुसरा शनिवार. त्या दिवशी पहिल्यांदाच बार चढवायचे होते. सोबत लोखंडी नळी मिळते. ट्रेलरवर साखळी टांगायचा जो लोखंडी कंस असतो त्यात ती अडकवायची आणि जोर लावून कंस वर फिरवायचा, की बार ताणून बसतो. मी जोर लावला. बार हलला नाही. मी नळीला लोंबकळलो. बार हलला नाही, ट्रेलर किंचित हलला. शेजारी ट्रेलर लावलेले एक आजोबा खुर्ची टाकून हा खेळ पाहत बसले होते. ते उठले, आले आणि काही न बोलता माझ्या हातातली नळी काढून घेतली. “आधी बाजूला हो,” ते म्हणाले. “ही सुटली तर जबडा घेऊन जाते.” मग त्यांनी कपलर लॉक आहे ना ते पाहिलं आणि जिभेखालचा जॅक फिरवायला सुरुवात केली. जॅक वर जाऊ लागला, त्याच्याबरोबर ट्रेलरचं तोंड आणि गाडीची पिछाडी दोन्ही वर गेली. बारवरचा ताणच संपला. आजोबांनी दोन बोटांनी साखळीची पाचवी कडी अडकवली, कंस वर केला, पिन घातली. दुसऱ्या बाजूलाही तेच. जॅक खाली घेतला, आणि दोन्ही बार धनुष्यासारखे वाकून गप्प बसले.

“मी हे केलंच असतं,” मी म्हणालो.

“हो, पाच-सहा वर्षांनी,” आजोबा म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

या हिचबरोबर दोन गोष्टी न मागता मिळतात. पहिली, विजार. बॉलवर ग्रीस लावावं लागतं, आणि ते ग्रीस बॉलवर राहत नाही. मी कितीही लांबून गेलो तरी घरी येईपर्यंत उजव्या मांडीवर काळा अर्धचंद्र उमटलेला असतोच. माझ्याकडे आता हिचची विजार नावाची वेगळी विजार आहे, आणि ती सोडून बाकी सगळ्या विजारींवर डाग आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे नडगी. ट्रेलर सोडल्यावर हिचचं डोकं गाडीच्या मागे बाहेर डोकावत राहतं, मांजर जिन्यात पायात येतं तसं, बरोबर नडगीच्या उंचीवर. ते काढून ठेवायला हवं. पण त्याचं वजन एवढं, की ते काढताना कंबर जाते आणि न काढता नडगी. मी विचारपूर्वक डावी नडगी निवडली आहे.

आणि आवाज! लोखंडावर लोखंड घासलं की आवाज येणारच, हे मान्य. पण वळणावर जो आवाज येतो तो जुन्या वाड्याचा दरवाजा मध्यरात्री उघडावा तसा. पहिल्या चौकात मी गाडी थांबवून उतरलो, काय मोडलं ते बघायला. काहीच मोडलं नव्हतं. सगळा चौक मात्र आमच्याकडे बघत होता.

रिव्हर्सबद्दल मी फार लिहिणार नाही. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा आणि ट्रेलरची पिछाडी जिकडे न्यायची तिकडे हात न्यायचा, एवढा मंत्र पुरतो. पण मागे उभी राहून बायको “डावीकडे!” म्हणते, तेव्हा कोणाची डावी, गाडीची, ट्रेलरची, माझी की तिची, यावर आमचं जे बोलणं होतं त्याला काटा लावला तर तिनाने गुणूनही पुरणार नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पहिल्या लांब प्रवासाला जाताना सगळं उत्तम झालं. गाडी सरळ, दिवे रस्त्यावर, स्टिअरिंगला वजन. मुलाला मी वाटेत सगळं समजावून सांगितलं, जीभ, बार, भार कसा वाटला जातो ते. नऊ वर्षांचा आहे, ऐकून घेतो. दहा दिवस आम्ही नद्या, ओढे, डोंगर करत हिंडलो. परतीच्या वाटेवर एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि ट्रेलरने मागून शेपूट हलवलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, जरा जास्तच. अशा वेळी पायाला ब्रेक दाबायची इच्छा होते, आणि तेच करायचं नसतं. वेगाच्या पेडलवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरची पट्टी हाताने सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. मी ते केलं. ट्रेलर ताळ्यावर आला. मी यायला जरा वेळ लागला.

त्यानंतर मी गाडी बाजूला घेतली आणि सगळा दोष हिचला दिला. साखळी एक कडी आणखी ओढली. टेप लावला, 91. म्हणजे गाडी आता नाक खाली घालून उभी. मागच्या चाकांवरचा भार गरजेपेक्षा जास्त उचलला गेला होता, तेही वाईटच. कडी परत सोडली. कप्प्यातला तो वॉशर काढून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. बायको म्हणाली, “हळू चालव, तेवढं जमेल ना?” हळू चालवत, मागे गाड्यांची वरात घेऊन आम्ही घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फळी, वीट, काटा. 69. तिनाने गुणलं: 207. जीभ सत्तावीस किलोंनी हलकी झाली होती. जिभेचं वजन असं आपोआप उतरत नाही; मागे काहीतरी वाढलं की पुढे कमी होतं. मी आत शिरलो आणि पार मागच्या टोकाला, मुलाच्या बिछान्याखालचा कप्पा ओढून पाहिला. तो निघेना. दोन्ही पाय भिंतीला लावून ओढला तेव्हा निघाला.

दगड. गुळगुळीत, पट्ट्यापट्ट्यांचे, चपटे, एक तर हुबेहूब बटाट्यासारखा. प्रत्येकावर चिठ्ठी, तारखेसकट. रोज पाच-सहा, दहा दिवस. तोच काटा उचलून आणला आणि हप्त्याहप्त्याने तोलले. 46 किलो.

“बाबा, तूच म्हणालास ना, वजन वाटायचं असतं,” मुलगा म्हणाला. “पुढे तुझं सामान होतं, म्हणून मी मागे ठेवले.”

यावर ओरडायला मी तोंड उघडलं, पण त्याच्या म्हणण्यात चूक नेमकी कुठे आहे ते सांगायला कागद लागला असता. तेवढ्यात बायकोने निकाल दिला. दगड फेकायचे नाहीत, पुढेही नकोत, मागेही नकोत, चाकांच्या बरोबर वर ठेवायचे. तत्त्व अगदी बरोबर. फक्त आमच्या ट्रेलरमध्ये चाकांच्या बरोबर वर संडास आहे.

तेव्हापासून संडासात दाराच्या आड दगडांची पेटी असते. परवा रात्री मी अंधारात उठलो आणि तिच्यावर सणकून आपटलो. उजवी नडगी.