पाहुण्याकडून नाशिकने काय घ्यावं?

परवा रात्री दादाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. गंगापूर रोडला आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर जे पंचतारांकित हॉटेल बांधून होत आलंय, त्याच्या दर्शनी भागाचे दिवे चाचणीसाठी पहिल्यांदाच लावले होते. खाली दुचाक्या उभ्या करून पोरं फोटो काढत होती. दादाने लिहिलं होतं, "बघा, आता आपलं नाशिकही कुठे कमी नाही." दोन मिनिटांत मामांचं उत्तर आलं, "आधी गोदावरी बघ, मग दिवे."

तिथून जे सुरू झालं ते मध्यरात्र उलटली तरी थांबेना. मी इकडे अ‍ॅमस्टरडॅमच्या शेजारी अ‍ॅम्स्टेलव्हेनला रात्रीचा स्वयंपाक करता करता वाचत होते. दादाचं म्हणणं सरळ आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा खुला झाला. मुंबईकर शनिवार-रविवारी द्राक्षमळे आणि वायनरी बघायला येतो. सिंहस्थ तोंडावर आहे, ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. पाहुण्याला ठेवायला चांगली जागा नसेल, तर त्याचा पैसा आल्या पावली परत जाणार. मामांचं म्हणणंही सरळच आहे. सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामापायी तपोवनातली झाडं तोडायला निघाले तेव्हा लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं. उन्हाळ्यात गंगापूर धरण खाली गेलं की पाणीकपातीची चर्चा ठरलेली. आणि या हॉटेलच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव.

शेवटी मामांनी मलाच मध्ये ओढलं. "तुमच्या अ‍ॅमस्टरडॅमने नवी हॉटेलं बंदच केली ना? मग सांग की तुझ्या भावाला."

खरं आहे, केली. मी चौदा वर्षं इथे हॉटेलच्याच धंद्यात आहे. रिसेप्शनच्या काउंटरवर सुरुवात केली, आता नवीन हॉटेल उघडण्याआधीची तयारी करणाऱ्या टीममध्ये असते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या भाकरीचा आहे. अ‍ॅमस्टरडॅम महापालिकेने २०२४ मध्ये ठरवलं की जुनं हॉटेल बंद झालं तरच त्याच्या बदल्यात नवं उघडायचं, आणि खाटांची संख्या वाढता कामा नये. त्याच वर्षापासून पाहुण्याच्या खोलीभाड्यावर शहराचा पर्यटक कर साडेबारा टक्के झाला. त्याशिवाय १ जानेवारी २०२६ पासून हॉटेलमधल्या मुक्कामावरचा देशाचा व्हॅट ९ वरून २१ टक्क्यांवर गेला. तरीही मे २०२५ मध्ये प्रिन्सेनग्राख्त कालव्यावरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत १३४ खोल्यांचं रोझवूड हे आलिशान हॉटेल सुरू झालंच. ती वास्तू आधी अनाथाश्रम होती, मग न्यायालय झाली आणि आता तिथे राहायला श्रीमंत पाहुणे येतात.

पण मामांना मी हेच सांगितलं की ही बंदी नाशिकला उचलून आणण्यासारखी नाही. अ‍ॅमस्टरडॅमने दारं लावली ती घर भरून वाहायला लागल्यावर. वर्षाला दोन कोटी मुक्कामांची मर्यादा शहराने स्वतःला घालून घेतली होती, तीही ओलांडली गेली. मधल्या भागातून रोजच्या वापराची दुकानं गेली, तिथे राहणारी माणसं कंटाळून बाहेर पडली. नाशिकचं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे माणूस येतो अफाट, पण टिकत नाही. सकाळी रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, मग त्र्यंबक, आणि संध्याकाळी गाडी शिर्डीच्या रस्त्याला. कचरा आणि गर्दी नाशिकच्या वाट्याला, मुक्काम दुसरीकडे. म्हणून मुक्काम करणारा पाहुणा नाशिकला हवाच आहे. इथवर मी दादाच्या बाजूची आहे. माझ्या वेळी, हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडले तेव्हा, असं एखादं हॉटेल गावात असतं तर कदाचित मी आज आईच्या हाकेच्या अंतरावर असते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं मुंबई, गोवा, आखात आणि क्रूझवर गेली.

दादाशी माझं वाजतं ते पुढच्या मुद्द्यावर. हॉटेल आलं म्हणजे शहराला आपोआप काही मिळालं, असं तो धरून चालतो. तसं होत नाही.

साडेसात हजारांच्या वरच्या खोलीवर आपल्याकडे १८ टक्के जीएसटी आहे. तो निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. राज्याचा जुना चैनीवरचा कर २०१७ मध्ये जीएसटीत विरला. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आणि त्याबदल्यात महापालिकेला राज्याकडून भरपाई मिळते. पण ती भरपाई जुन्या उत्पन्नावर ठरावीक वाढ धरून येते. नाशिकमध्ये काल रात्री शंभर पाहुणे राहिले की दहा हजार, याचा त्या रकमेशी काडीचा संबंध नाही. हॉटेलकडून महापालिकेच्या हाती थेट येते ती घरपट्टी आणि पाणीपट्टी. म्हणजे पाहुणा वाढला की सांडपाणी वाढणार, कचरा वाढणार, गंगापूर रोडची कोंडी वाढणार, आणि ते निस्तरायला लागणारा पैसा त्या पाहुण्याकडून येणार नाही. मामांचा राग खरा इथे असायला हवा. तो तलावावर निघतो, कारण तलाव डोळ्यांना दिसतो.

आणि पाहुण्याकडून घेणं नाशिकला काही नवीन नाही. पंचवटीत पाहुणा हा कायम देणारा होता. लहानपणी आजीबरोबर मी आमच्या तीर्थोपाध्यायांच्या घरी गेले होते. त्यांनी लाल कापडात बांधलेली लांबट वही सोडली, बोटाने ओळी चाळत गेले आणि माझ्या खापरपणजोबांची सही दाखवली. मोडी लिपीत होती, शाई तपकिरी पडलेली. ते विदर्भातून कधीतरी सिंहस्थाला आले होते. त्या सहीच्या खाली काय दान दिलं तेही लिहिलेलं. आजीने त्याच पानावर सही केली आणि पदराच्या गाठीतली नोट ठेवली. आलेल्या माणसाने गावाला काहीतरी देऊन जायचं, ही रीत होती. ज्याच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं त्याच्यासाठी गाडगे महाराजांनी धर्मशाळा बांधली. देणाऱ्याकडून घ्यायचं आणि नसणाऱ्याला निवारा द्यायचा, दोन्ही व्यवस्था याच गावात होत्या.

तेव्हा माझी मागणी ही आहे. पंचतारांकित खोलीच्या प्रत्येक रात्रीमागे नाशिकने शहराचं म्हणून वेगळं शुल्क घ्यावं, आणि ते गोदावरीच्या नावाने वेगळ्या खात्यात जावं. कायद्याने कर बसवता येत नसेल तर शुल्क बसवायचा अधिकार राज्याकडून मागून घ्यावा. सिंहस्थासाठी इतके आराखडे आणि आदेश निघताहेत, त्यात हाही निघू शकतो. दहा-बारा हजारांची खोली घेणारा माणूस दोनशे रुपयांसाठी नाशिक सोडून जाणार नाही. हे मी काउंटरवर उभी राहिलेली बाई म्हणून सांगते. साडेबारा टक्क्यांची ओळ बिलात बघून वाद घालणारे पाहुणे मी वर्षाला बोटावर मोजण्याइतके पाहिलेत. बाकीचे विचारतात की हा कशाचा आहे, आणि उत्तर ऐकून कार्ड पुढे करतात.

पैशांइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे, आणि ती उद्घाटनाच्या आधीच करायची असते. मी ज्या हॉटेलच्या तयारीत पहिल्यांदा होते, तिथे पहिला पाहुणा यायच्या तीन आठवडे आधी गल्लीतल्या शेजाऱ्यांना बोलावलं होतं. तीसेक माणसं आली. त्यांना वाईन दिली, खोल्या दाखवल्या, पण ती माणसं वाईनला भुलून आलेली नव्हती. सत्तरीच्या एक बाई घरून कागद लिहून आल्या होत्या. त्यांची तक्रार रिकाम्या बाटल्यांची होती. रात्री बार बंद झाला की कर्मचारी मागच्या दारी काचेच्या बाटल्या डब्यात ओततात, तो आवाज थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत येणार होता. आमचे जनरल मॅनेजर त्यांच्याबरोबर मागच्या दारापर्यंत गेले. त्यांनी एक पोतं बाटल्या मुद्दाम ओतून ऐकल्या. दुसऱ्या दिवशी नियम झाला, रात्री दहानंतर काच ओतायची नाही, सकाळी आठनंतरच. तो नियम आजही पाळला जातो. त्या बाई नंतर आमच्या लॉबीत कॉफी प्यायला यायच्या आणि त्यांना कुणी कधी विचारलं नाही की तुम्ही कोणत्या खोलीत उतरलात.

हे लिहिताना मला बाबा आठवतात. मागच्या डिसेंबरात दुसऱ्या एका शहरात आम्ही त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस मोठ्या हॉटेलात ठेवला होता. आम्ही गाडीने आधी पोचलो. बाबा एका मित्राला भेटून रिक्षाने आले, लेंगा-सदरा आणि हातात कापडी पिशवी. रिक्षा आत सोडली नाही, ते चालत आले. दारावरच्या माणसाने विचारलं, "कोणाकडे काम आहे?" बाबांनी नाव सांगितलं, त्याने यादी बघायला फोन लावला, आणि बाबा पंधरा मिनिटं बाहेर उभे राहिले. मी खाली आले तेव्हा ते पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून एका बाजूला सरकून उभे होते, येणाऱ्या गाड्यांना अडचण नको म्हणून. जेवताना ते काहीच बोलले नाहीत. त्या दारावरच्या पोराचा मला राग नाही, त्याला तसंच शिकवलेलं असतं. कुणाला आत सोडायचं हे दारावर ठरत नाही, ते उघडण्याआधीच्या प्रशिक्षणात ठरतं, आणि ते प्रशिक्षण मी स्वतः देते.

ज्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, त्या नाशिकमध्ये नवं दार उघडताना ते कुणाला उघडणार हा प्रश्न आधी विचारायला हवा. चहा महाग असू दे. पण ज्याला तो परवडतो त्याला कपडे बघून अडवू नये.

पाण्याबद्दल मामांना एवढंच. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या माणसामागे दिवसाला १३५ लिटर धरतात, आणि पंचतारांकित हॉटेलसाठी ३२०. त्यात धुलाई आणि तलाव धरलेलेच नसतात. पाणी फक्त तलावात जात नाही, ते रोज बदलल्या जाणाऱ्या चादरी-टॉवेलांच्या धुलाईत, बाथटबात आणि बागेतही जातं. म्हणून सांडपाणी शुद्ध करून बागेला आणि फ्लशला वापरतात का, हे विचारायचं. यंत्र बसवलंय असं उत्तर आलं तर ते चालू स्थितीत दाखवा म्हणायचं. परवानगीसाठी बसवलेली आणि वीजबिल वाचवायला बंद ठेवलेली यंत्रं मी दोन देशांत पाहिलीत.

जवळजवळ चार वर्षं नाशिकला नगरसेवक नव्हते, सगळं प्रशासकाच्या हाती होतं. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि आता विचारायला माणूस आहे. मी चार ओळींचं पत्र मराठीत टाइप करून दादाला पाठवलंय. प्रत्येक रात्रीमागे गोदावरीसाठी शुल्क, उद्घाटनाआधी गंगापूर रोडच्या रहिवाशांची बैठक, सांडपाण्याच्या यंत्राची पाहणी, आणि दारावर उभं राहणाऱ्यांत नाशिकची मुलं-मुली. दादाने सही केली. मामा म्हणाले, पाचवी ओळ झाडांची घाल, मग करतो. ती घातली. सोमवारी दोघं मिळून नगरसेवकांकडे जाणार आहेत.