नीतिमत्तेत साठ टक्के

काल रात्री मी नीतिमत्तेत नापास झाले. पासिंग सत्तरला, मला साठ. यूजीसीने २०१९ मध्ये पीएचडीला लावलेला दोन क्रेडिटचा, तीस तासांचा एथिक्सचा कोर्स मी केलाय. पण तो वेगळा. प्रोजेक्टवाल्यांना त्यांचंच ऑनलाइन सर्टिफिकेट हवंय. ते जमा होईपर्यंत फेलोशिप बंद.

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं घर दीड खोलीचं. समोर आत्या सूप घेऊन तुवेर सोलत बसलेली. कोर्सचा व्हिडिओ पळवता येत नाही, म्हणून तिनेही तो अख्खा पाहिला. इंग्रजीचं मराठी मी करत होते. टस्कीगीचं प्रकरण आलं. १९३२ पासून चाळीस वर्षं गरीब कृष्णवर्णीय माणसांचा सिफिलिस अमेरिकेतले सरकारी डॉक्टर नुसता बघत बसले. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मेल्यांचे पगार चालू होते ना?"

"होते."

"मग तुझाच का अडलाय?"

मग परीक्षा. दहा प्रश्न, वीस मिनिटं. सहावा : विभागप्रमुखांनी काहीच काम केलं नसेल तर रिसर्च पेपरवर त्यांचं नाव घालावं का?

"घाल की! एवढं तर चालशे. तुझ्या दादाच्या मुंजीच्या पत्रिकेत भाऊकाकांचं नाव नव्हतं का? सुपारीसुद्धा आणली नव्हती त्यांनी."

"आत्या, ती पत्रिका होती."

"आणि तुमचा पेपर? परवा दाखवलास तो. बारा नावं. त्यात तू कुठे?"

"शेवटून दुसरी."

"म्हणजे चिंटू-पिंकी. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!'"

नऊ महिने सॅम्पल मी गोळा केले होते, उन्हात, स्वतःच्या पेट्रोलवर. हे तिला सांगत बसले आणि वेळ संपला. चार प्रश्न कोरे.

आमच्या सरांनी हे प्रशिक्षण घेतलंय का, हे विचारायची सोय नाही. अमेरिकेतसुद्धा एनएसएफने, म्हणजे संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, ग्रँटवरच्या विद्यार्थ्यांना आणि पोस्टडॉकना (पीएचडीनंतरच्या संशोधकांना) ते २०१० मध्ये सक्तीचं केलं. प्राध्यापकांची पाळी यायला २०२३ उजाडलं. तेरा वर्षं बिघडलेली होती ती फक्त पोरं!

पुढची संधी चोवीस तासांनी, म्हणजे आज नऊला. आत्या आत्ताच सूप घेऊन बसलीय.

"त्या डॉक्टरांना शिक्षा झाली का गं?"

"नाही. १९९७ मध्ये माफी मागितली."

"त्यांनी?"

"राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी."

"बघ," आत्या म्हणाली, "तिथेही भाऊकाकांचंच नाव."