‘आमच्याकडे सगळ्यांनाच असं जातं’

गेल्या आठवड्यात आमच्या वाड्यावरच्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. त्यातलं म्हणणं असं: वयात येताना मुलीला पाळीत खूप जातं ती अंगातली उष्णता. आईला, आजीला तसंच असेल तर काळजीच नको. सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे सगळं नॉर्मल. रक्त न गोठण्याचा आजार पुरुषांनाच होतो. पंधरा दिवस कोकम सरबत द्या. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

कोकमाचं चटकन सांगते. प्या, आम्हीही पितो. पण रक्त गोठतं ते प्लेटलेट आणि रक्तातल्या काही प्रथिनांमुळे, आणि ती सोलांनी वाढत नाहीत.

‘पुरुषांनाच’ हे हिमोफिलियाबद्दल, म्हणजे रक्त न गोठण्याच्या, मुख्यतः पुरुषांत दिसणाऱ्या आजाराबद्दल, अर्धवट ऐकून आलेलं. व्हॉन विलेब्रँड आजार बायका-पुरुष दोघांनाही होतो. त्यात प्लेटलेटना जखमेवर चिकटवणारं प्रथिन कमी असतं किंवा नीट काम करत नाही. पाळीत फार जाणाऱ्या दर १०० बायकांत सुमारे १३ जणींना तो सापडतो. १९२६ मध्ये फिनलंडच्या डॉ. एरिक व्हॉन विलेब्रँड यांनी ज्या मुलीवरून तो प्रथम मांडला, ती पुढे चौथ्याच पाळीत रक्तस्रावाने गेली.

आता ‘आईलाही तसंच’. माझी भाची डिचोलीची. रात्री दोन पॅड, खाली घडी घातलेला जुना टॉवेल, तरी पहाटे चादर धुवायचीच. ताई म्हणायची, ‘मलाही असंच जायचं गे.’ भाचीचा लहानपणी घोळणा फुटायचा, आम्ही कांदा हुंगवायचो. ताईची अक्कलदाढ काढली तेव्हा दोन दिवस बोळा लाल. अंगावरून जाणं दोघींनी अंगावरच काढलं. हे सगळं एकत्र जोडलं ते डॉक्टरीणबाईंनी, ‘दात काढताना काय झालं होतं?’ एवढं विचारून. अहो, आजार आईबापांकडून आलेला असेल तर घरात आणखी कुणाला असू शकतोच! तो दिलासा कसला?

सोनोग्राफी गर्भाशय दाखवते, रक्त गोठतं का ते नाही. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्याही व्हॉन विलेब्रँड आजारात नॉर्मल येऊ शकतात. त्यात कमी पडणाऱ्या प्रथिनाची वेगळी तपासणी लागते, कधी दोनदाही, कारण मनावर ताण असला तरी त्याचा आकडा वाढतो आणि आजार झाकला जातो.

मेसेजमधलं एक खरं: पहिली वर्ष-दोन वर्षं पाळी अनियमित असते, तेव्हा कधी जास्तही जातं. पण तासा-दोन तासांत पॅड भिजतो, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात, ७ दिवसांवर जातं, ते यात मोजू नका. पोट दुखतं म्हणून मनानेच अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनही देऊ नका, त्याने रक्त आणखी जाऊ शकतं. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड, हार्मोनच्या गोळ्या असे उपाय आहेत, ते डॉक्टर ठरवतील.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: ‘मुलीचा घोळणा फुटतो का?’ रात्री दोघींचे फोन आले.