पाच मिनिटांच्या स्टार्टने बॅटरी वाचत नाही

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘गाडी उभी असेल तर दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवा, बॅटरी कधीच उतरणार नाही. बंद गाडी बॅटरी खात नाही. तरीही उतरली तर बॅटरीच हलकी आहे, बदलून टाका. आपल्याकडे थंडी नाही, त्यामुळे फार काळजी नको, फक्त पावसाळ्यात दमट हवेने बॅटरी उतरते. गावाला जाताना निगेटिव्ह काढा. उतरलीच तर दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारा, अर्धा तास चालवा, पुन्हा फुल.’

आठवडाभर लोकलने ऑफिसला जाणाऱ्यांच्या गाड्या सोमवार ते शनिवार पार्किंगमध्येच असतात, त्यामुळे हा सल्ला लोक मनापासून पाळतात. नुकसानही त्यांचंच होतं. म्हणून एकेक वाक्य तपासून बघू.

‘दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवा.’

आधी हिशोब. पेट्रोलच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे १ अँपिअरने साधारण ३५ तास पुरेल एवढी. लॉक करून झोपी गेलेली आधुनिक गाडी साधारण २० ते ५० मिलिअँपिअर (अँपिअरचा हजारावा भाग) खाते. मधला आकडा ४० धरला तर दिवसाला जवळपास १ अँपिअर-तास, तीन दिवसांत ३. सेल्फ मारताना छोटं पेट्रोल इंजिन दीडशेच्या आसपास अँपिअर ओढतं, पण तेही सेकंद-दोन सेकंदच. म्हणजे ०.१ अँपिअर-तासाहूनही कमी. ‘स्टार्ट करण्यातच सगळी बॅटरी जाते’ असंही काही जण म्हणतात, ते खरं नाही.

आता पाच मिनिटांत परत काय मिळतं ते पाहू. आयडलिंगवर, म्हणजे गाडी जागेवर आणि इंजिन चालू असताना, इंजिनवर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर त्याच्या पूर्ण क्षमतेच्या जवळपासही नसतो. त्यातून ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, हेडलाइट, इंजिनचा कंप्युटर आणि इंधनाचा पंप यांचं भागवून जे उरतं ते बॅटरीला मिळतं. सरासरी ८ अँपिअर मिळाले असं उदारपणे धरलं, तरी पाच मिनिटांत होतात ०.६७ अँपिअर-तास. गेले ३, आले पाऊण. वर मेसेजमध्ये ‘एसी लावून ठेवा’ अशी पुस्ती जोडलेली असली तर तेवढेही येत नाहीत.

शिवाय गाडी बंद करून लॉक केली की ती लगेच झोपत नाही. आतले कंट्रोल युनिट, स्क्रीन, मोबाइल नेटवर्कला जोडलेलं मॉड्यूल हे सगळं टप्प्याटप्प्याने शांत होतं. कुठल्या गाडीत त्याला पाच मिनिटं लागतात, कुठे अर्धा तास. त्या वेळात दोन-तीन अँपिअर जात असतील, तर पंधरा मिनिटांत अर्धा ते पाऊण अँपिअर-तास संपतो. म्हणजे पाच मिनिटांच्या स्टार्टची सगळी कमाई गाडी पुन्हा झोपेपर्यंत गेलेली असते.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी घाईने भरतही नाही. उतरलेली असताना ती सुरुवातीला बरा करंट घेते, पण ८० टक्क्यांच्या पुढे करंट घटत जातो आणि शेवटचा भाग भरायला काही तास लागतात. सतत अर्धवट भरलेल्या बॅटरीत प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि नंतर चार्जिंगने पूर्ण निघत नाही. त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत प्रत्यक्षात २५च उरलेले असणं नवल नाही.

पाच मिनिटांच्या आयडलिंगचा इंजिनलाही त्रासच होतो. इंजिन गरम होण्याआधीच बंद केलं जातं, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, न जळलेलं थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. जागेवरच चालू ठेवलेल्या गाडीत तो फक्त भरत राहतो आणि एके दिवशी मीटरवर दिवा लागतो.

आणि बेसमेंट. दोन-तीन मजले खाली असलेल्या पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून आत बसू नका, मुलांना तर मुळीच बसवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि थंड इंजिनमध्ये धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अजून कामालाच लागलेला नसतो. रविवारी सकाळी आठ-दहा गाड्या एकदम स्टार्ट करून ठेवल्या तर तो धूर लिफ्टच्या लॉबीपर्यंत पोहोचतो.

याऐवजी आठवड्यातून एकदा सलग पाऊण तास, न अडखळता चालेल अशा मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवा. वाशीहून पाम बीच रोडने बेलापूरला जाऊन परत या. ठाण्यातून सकाळी सातच्या आत पूर्व द्रुतगती मार्गाने घाटकोपरपर्यंत जाऊन फिरा. मुंबईच्या वेशीवरचे टोल छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहेत, त्यामुळे तोही खर्च नाही. संध्याकाळच्या घोडबंदर रोडवर काढलेला पाऊण तास यात धरू नका. एसी, वायपर, हेडलाइट, ब्रेकलाइट चालू आणि इंजिन आयडलवर, म्हणजे पार्किंगमधल्यापेक्षा फार वेगळं काही घडत नाही.

‘बंद गाडी बॅटरी खात नाही, उतरली म्हणजे बॅटरी हलकी.’

रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर, चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारा इमोबिलायझर, अलार्म, घड्याळ, कंट्रोल युनिटांची मेमरी हे सगळं चोवीस तास करंट घेतं. मोबाइल अ‍ॅपवर गाडीचं लोकेशन दिसतं, कारण गाडीतलं सिम जागं असतं. चावीला हात न लावता दार उघडणाऱ्या काही मॉडेलांत, गाडीजवळच ठेवलेल्या चावीच्या सिग्नलने गाडी मधूनमधून जागी होते. तळमजल्याच्या घराच्या भिंतीला लागून पार्किंग असेल, तर चावी त्या भिंतीजवळ टांगू नका.

हे झालं कंपनीने दिलेलं. खरा घोळ बहुतेकदा नंतर लावलेल्या वस्तूंमुळे होतो. पार्किंग मोडवर चालणारा डॅशकॅम २०० ते ४०० मिलिअँपिअर खाऊ शकतो, म्हणजे दिवसाला ५ ते १० अँपिअर-तास. अशी गाडी शनिवारी उभी केली तर मंगळवार-बुधवारपर्यंत सेल्फ लागत नाही, आणि बोल बॅटरीला लागतो. डॅशकॅम थेट गाडीच्या वायरिंगला जोडणाऱ्या हार्डवायर किटमध्ये व्होल्टेज उतरला की सप्लाय तोडणारा कट-ऑफ असतो, तो १२.२ किंवा १२.४ व्होल्टवर ठेवा. ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक कंप्युटर जोडतो त्या, स्टिअरिंगखालच्या) खोचून ठेवलेला डोंगल, कायम सप्लायवर जोडलेला ट्रॅकर, अ‍ॅम्प्लिफायरची चुकीच्या ठिकाणी जोडलेली वायर, हेही तपासा.

आपल्या सोसायट्यांतली एक गोष्ट मात्र कोणी धरतच नाही: गाडी धुणारा. सकाळी तो चावी घेतो, चारही दारं उघडतो, मॅट काढतो, डॅशबोर्ड पुसतो. दहा-पंधरा मिनिटं आतले दिवे लागलेले असतात, स्क्रीन जागी झालेली असते, सगळी युनिटं उठलेली असतात आणि दार लावल्यावर झोपायला पुन्हा वेळ घेतात. रोज असं झालं तर झोपेत दिवसभरात जेवढं जातं, तेवढंच या वीस-पंचवीस मिनिटांत जाऊ शकतं. दोष त्या माणसाचा नाही, त्याला सांगितलेलं काम तो करतो. बाहेरून रोज धुऊ द्या, त्याला चावी लागत नाही. आतली सफाई ज्या दिवशी गाडी बाहेर काढणार त्याच दिवशी सांगा.

तर बॅटरी बदलण्याआधी मोजा. पाचशे रुपयांच्या आसपास साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. बॉनेट उघडं ठेवून गाडी लॉक करा आणि काही तासांनी, शक्यतो सकाळी, दार न उघडता थेट बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. साध्या बॅटरीत १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे तळाला गेलेली.

झोपेतला करंट मोजायचा तर सगळी दारं आणि बॉनेट उघडा आणि त्यांच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून ते बंद स्थितीत आणा, म्हणजे गाडीला सगळं बंद आहे असं वाटेल. चावी लांब ठेवा. बॅटरीच्या वजा खुणेच्या टर्मिनलवरचा निगेटिव्ह क्लॅम्प काढा. मल्टिमीटर १० अँपिअर डीसीवर, लाल वायर १० अँपिअरच्याच भोकात, आणि मीटर क्लॅम्प व टर्मिनल यांच्या मधोमध. सुरुवातीला काही अँपिअर दिसले तर घाबरू नका, अर्धा तास थांबा. आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली स्थिरावला तर गाडी ठीक. दोनशे-तीनशेवर अडकून राहिला तर एकेक फ्यूज काढत जा. जो काढल्यावर आकडा धाडकन पडेल त्या सर्किटमध्ये गळती. मीटर जोडलेला असताना इग्निशन ऑन करायचं नाही, सेल्फ तर नाहीच. मीटरचा फ्यूज उडतो. शेवटी लॅच पुन्हा उघडल्याशिवाय बॉनेट किंवा दार आपटू नका. हे जमणार नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनला ‘बॅटरी चेक करा’ न सांगता ‘बंद गाडीचा करंट ड्रॉ मोजा’ असं सांगा.

‘थंडी नाही म्हणजे काळजी नाही, दमट हवेने उतरते.’

थंडीत सेल्फ जड जातो, हे थंड देशांचं दुखणं. आपल्या बॅटऱ्या उष्णतेने मरतात. बॅटरी स्वतःहून उतरण्याचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो, आणि तापलेल्या बॅटरीत प्लेटांची झीजही वाढते. मे महिन्यात उघड्यावर तापलेली बॅटरी पावसाळ्यात मान टाकते, म्हणून पावसाला दोष जातो. हवेतला ओलावा स्वतः करंट ओढत नाही. मात्र बॅटरीच्या डोक्यावर धूळ आणि अ‍ॅसिडचा थर असेल तर तो ओलसर होऊन दोन टर्मिनलांमध्ये बारीक गळती सुरू होते. टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटी दिसली तर केबल काढून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, घट्ट बसवून वरून पेट्रोलियम जेली लावा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंतच. नळाचं पाणी नको.

‘गावाला जाताना निगेटिव्ह काढा.’

हे तीन-चार आठवड्यांसाठी योग्य आहे, रोज रात्रीसाठी नाही. काचा वर करा, गाडी बंद करून दहा मिनिटं थांबा, बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. फक्त निगेटिव्ह सैल करून फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा. त्याआधी रिमोटमधली लोखंडी चावी बाहेर काढून दार खरंच उघडतं का ते बघा, कारण नंतर रिमोट चालणार नाही. डिकी विजेवर उघडत असेल तर पाना आणि केबल डिकीत ठेवू नका. अलार्म आणि ट्रॅकर बंद राहतील. परत जोडल्यावर घड्याळ लावावं लागेल, ऑटो-अप काचेचं बटण वर ओढून काही सेकंद धरावं लागेल, स्टिअरिंगचा दिवा काही अंतर चालवल्यावर जाईल. बॅटरी आधीच निम्मी असेल तर निगेटिव्ह काढून काही साधत नाही. सल्फेट कडक होतच राहील. आधी भरा, मग काढा.

भरण्यासाठी खरा उपाय म्हणजे बॅटरी भरत आली की करंट आपोआप कमी करणारा स्मार्ट चार्जर. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ३ ते ५ अँपिअरचा पुरतो. निम्मी उतरलेली बॅटरी रात्रभरात भरते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या स्टार्ट-स्टॉप गाडीत ईएफबी किंवा एजीएम या जास्त दणकट प्रकारची बॅटरी असते. चार्जरवर एजीएमचा मोड असेल तर तो एजीएमलाच लावा, आणि बदलताना त्याच प्रकारची घ्या. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल तर चार्जरचा काळा चिमटा टर्मिनलवर न लावता इंजिनच्या किंवा बॉडीच्या धातूला लावा, नाहीतर किती चार्ज आत गेला ते गाडीला कळत नाही. पार्किंगमध्ये सॉकेट नसेल तर साधारण दहा किलोची बॅटरी काढून वर नेता येते. खिडकी उघडी ठेवा, गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. सोसायटीने व्हिजिटर पार्किंगमध्ये सबमीटरसह एक सॉकेट दिलं तर महिन्याला एका रात्रीच्या पाळीने तीसेक गाड्यांचं काम भागेल. पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये हा विषय जरूर मांडा.

‘धक्का मारा, अर्धा तास चालवा, फुल.’

ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. मॅन्युअलमध्येही बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर इमोबिलायझर, इंधनाचा पंप आणि इंजेक्टर यांना वीज कुठून मिळणार? झटके खात न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, आणि तो भाग महाग आहे. पोडियमच्या उतारावर तर हा प्रयोग करूच नका. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

जंपर केबल वापरा, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवरून वीज घेऊन सुरू करा. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. काढताना उलट क्रम. इलेक्ट्रिक गाडीची १२ व्होल्टची बॅटरीही अशीच उतरते, पण तिच्यावरून दुसरी गाडी जंप करण्याआधी मॅन्युअल वाचा. बऱ्याच कंपन्या मनाई करतात.

सुरू झाल्यावर अर्धा तास चालवून ती बॅटरी भरत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी भरण्यासाठी अल्टरनेटर बनवलेलाच नसतो, तो तापतो. त्याच रात्री चार्जर लावा. दुसऱ्या दिवशी काही तास उभ्या गाडीत १२.५च्या वर असेल तर मल्टिमीटर टर्मिनलवर धरून कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. सेल्फ चालू असताना आकडा ९.६च्या खाली गेला तर बॅटरी बदलायची वेळ झाली. दहाच्या वर राहिला तर पैसे राखून ठेवा आणि गळती शोधा.